वेढ्यातल्या पत्रावरचा शिक्का आधी पाहावा

संपादकांची मागणी सरळ होती: स्टालिनग्राडच्या वेढ्यातून जर्मन सैनिकाने बायकोला लिहिलेले एखादे शेवटचे पत्र मराठीत द्यावे. सोबत त्यांनी एक उताराही पाठवला. प्रस्तुत लेखक बरीच वर्षे युद्धकाळातल्या टपालाचा अभ्यास करतो आहे. उतारा कुठला, हे त्याने लगेच ओळखले आणि नकार कळवला.

तो उतारा 1950 साली पश्चिम जर्मनीत निघालेल्या पुस्तकातला होता. त्यात 39 पत्रे आहेत. सैन्याचे मनोधैर्य जोखण्यासाठी वरिष्ठांनी जप्त केलेली ही पत्रे, असा दावा. नेतृत्वाच्या बाजूने केवळ 2.1 टक्के पत्रलेखक निघाले, असा हिशोबही त्यात दिला आहे. पुस्तक अनेक भाषांत गेले. पण मूळ कागद कधीच कुणी दाखवले नाहीत. पत्रांवर नावे नाहीत, पत्ते नाहीत. येन्स एबर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांचा संशय हाइन्त्स श्र्योटर या माजी युद्धवार्ताहरावर आहे. पत्रे त्यानेच रचली किंवा निदान भरपूर सजवली असावीत, असे ते मानतात. प्रस्तुत लेखकालाही तेच पटते. तरीही दरवर्षी कुणीतरी त्यातला एखादा उतारा अस्सल म्हणून फिरवतो आणि वाचक हळहळतात. याची चीड येते, कारण खरी पत्रे शिल्लक आहेत आणि ती वाचायला कुणी बसत नाही.

खऱ्या पत्राची परीक्षा मजकुराआधी टपालाच्या खुणांवर होते. जर्मन सैनिकाच्या पत्रावर तुकडीचे नाव नसे. पाच आकडी फील्डपोस्ट (लष्करी टपाल) क्रमांक असे. ठिकाण लिहायला बंदी होती. हवाई पत्राला 10 ग्रॅमची मर्यादा होती आणि त्यासाठी लागणारी खास तिकिटे सैनिकाला महिन्याला मोजकीच मिळत. 23 नोव्हेंबर 1942 रोजी स्टालिनग्राडला जर्मनांच्या सहाव्या सैन्याभोवती वेढा पूर्ण झाला. अडीच लाखांहून अधिक माणसे आत अडकली आणि टपाल विमानांवर अवलंबून राहिले. 16 जानेवारी 1943 ला वेढ्यातली पिटोम्निकची धावपट्टी हातची गेली, त्यानंतर आठवडाभरात गुमराकचीही. जानेवारी अखेरची तारीख असलेले पत्र बाहेर आलेच कसे, हा प्रश्न म्हणून विचारावाच लागतो.

मजकूर बहुधा साधा असतो, तोच तोच असतो. पाव, उवा, थंडी, पार्सल पोहोचले का, मुले कशी आहेत. नाताळानंतर पावाचा शिधा दिवसाला 100 ग्रॅमपर्यंत उतरला होता, तरी बायकोला ‘मी ठीक आहे’ असे कळवले जाई. सेन्सॉर प्रत्येक पाकीट उघडत नव्हता, वानगीदाखल काही तपासत होता; पण कुठले पाकीट उघडले जाईल हे कुणालाच ठाऊक नसल्याने लिहिणारा स्वतःच हात आखडता घेई. तिकडे सरकारने जानेवारीच्या मध्यापर्यंत वेढ्याची बातमी जनतेला दिलीच नव्हती.

याच वेढ्यात कुर्ट रॉयबर हा पाद्री आणि डॉक्टर होता. 1942 च्या नाताळात त्याने रशियन नकाशाच्या पाठीवर कोळशाने माता आणि मूल रेखाटले. कडेला ‘प्रकाश, जीवन, प्रेम’ असे शब्द लिहिले. पत्नीला पाठवलेल्या पत्रात त्याने त्या चित्राविषयी लिहिले. एका जखमी अधिकाऱ्याबरोबर चित्र विमानाने बाहेर पडले. रॉयबर जानेवारी 1944 मध्ये येलाबुगाच्या युद्धकैदी छावणीत वारला. हे चित्र आज बर्लिनच्या कायझर विल्हेल्म स्मारक चर्चमध्ये आहे. त्याच्यासमोर उभे राहताना हेही लक्षात ठेवावे लागते की वेढ्यात सापडलेले हे सैन्य आक्रमकांचे होते. ऑगस्ट 1942 मध्ये याच शहरावर जर्मन विमानांनी बॉम्बचा वर्षाव केला होता. दुसऱ्या बाजूला सोव्हिएत सैनिकही घरी लिहीत होते, पण पाकिटाशिवाय, त्रिकोणी घडी घातलेल्या कागदांवर. त्यांच्या पत्रांवर लष्करी सेन्सॉरचा शिक्का असे.

प्रस्तुत लेखकाला मात्र सर्वांत मोलाची वाटतात ती जर्मन सैनिकांच्या बायकांची पत्रे. सहाव्या सैन्याच्या शरणागतीनंतरही त्या लिहीत राहिल्या आणि ‘परत, नव्या पत्त्याची वाट पाहावी’ असा शिक्का घेऊन ती पाकिटे घरी आली. नवऱ्याच्या खिशातली पत्रे बहुधा त्याच्याबरोबरच गेली. ही पोहोचली नाहीत, म्हणून टिकली. बर्लिनच्या कम्युनिकेशन संग्रहालयाकडे (Museum für Kommunikation) युद्धकाळातल्या फील्डपोस्टचा मोठा संग्रह आहे. अनुवाद करायचाच असेल तर कामाला तिथून लागावे. पाकिटावरचा क्रमांक आणि तारीखही सोबत छापावी.