हद्दीवरची खुर्ची

नाट्यगृहाचा प्लॅन दर नाटकाला तोच असतो. पुढच्या रांगा महाग, मागच्या स्वस्त, बाल्कनी त्याहून स्वस्त. नाटक विनोदी असो, संगीत असो की दोनच पात्रांचं, दराच्या रेघा सहसा हलत नाहीत. काटकसरी प्रेक्षकाचं फावतं ते इथेच.

ही नजर वडिलांची. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं, तेव्हापासून ते तिथले गिऱ्हाईक. बुकिंगच्या खिडकीत कागदी प्लॅन पसरलेला असे, विकलेल्या खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली. वडील पुढच्या रांगांकडे बघतही नसत. बोट थेट दर बदलतो त्या रेघेवर. पाचशेवाल्यांची शेवटची रांग आणि चारशेवाल्यांची पहिली, असं आजच्या दरात म्हणू. मध्ये फक्त एक पायरी. दिसतं तेच, ऐकू येतं तेच. “हद्दीवरच्या चार द्या,” ते म्हणायचे आणि खिडकीतल्या माणसाला बरोबर कळायचं. संगीत नाटक असलं की आणखी एक अट: तबल्याच्या बाजूला नको. रंगमंचासमोर एका कडेला ऑर्गन, दुसऱ्या कडेला तबला. तबल्याशेजारी बसलं की पद तिथेच राहतं आणि नुसता ठेका घरी येतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रांगेचं मलाही कधी अप्रूप वाटलं नाही. मान वर करून बसायचं, नटांची पावलं रंगमंचाच्या कडेआड, आणि विग कुठे संपतो ते स्पष्ट दिसणार. तिथे पासवाल्यांनी बसावं. अगदी टोकाच्या खुर्च्या मात्र स्वस्तातही परवडत नाहीत. दिवाणखान्याचा बंदिस्त सेट असेल तर एका बाजूची भिंत दिसतच नाही, उलट विंग दिसते. पुढच्या प्रवेशात हृदयविकाराने जायचं असलेले गृहस्थ तिथे निवांत रुमालाने कपाळ टिपत उभे असतात.

कॉलेजात असताना पैशांअभावी बाल्कनी गाठली आणि तिथे ‘घाशीराम कोतवाल’ पाहिलं. तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ सालचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद यांची. त्यातली ब्राह्मणांची रांग हाच पडदा, तीच भिंत. खाली बसणाऱ्याला भिंत दिसते. वरून ती जुळताना दिसते, वाकताना, फुटताना, आणि डुलत डुलत पुन्हा एक होताना. खाली दुप्पट पैसे मोजून बसलेल्यांची मला त्या रात्री मनापासून दया आली. पण याच हिशेबाने ‘वाडा चिरेबंदी’ बाल्कनीतून पाहू नये. त्या घरातली माणसं बोलतात त्याहून जास्त गिळतात, आणि ते गिळणं वरपर्यंत पोचत नाही. तिथे पाचवी-सहावी रांग, पैसे गेले तरी चालतील. (बाल्कनीचीही पहिली रांग घेण्याआधी कठड्याची उंची बघावी. काही ठिकाणी अख्खा प्रयोग लोखंडी नळीच्या वरून-खालून बघावा लागतो.)

फार्सला मी गर्दीच्या मधोमध बसते. विनोदाचा निम्मा भाग शेजारच्या खुर्चीत घडतो.

आता प्लॅन मोबाइलवर येतो. घरबसल्या रंगीत चौकोन टिपायचे. पुढच्या मधल्या खुर्च्या आधी जातात, हद्दीवरच्या बऱ्याचदा शिल्लक असतात. लोकांना अजूनही रांगेचा आकडा लहान हवा असतो. पण माझ्या गरजा बदलल्यात. गुडघ्यांना वाटेलगतची खुर्ची लागते, कानांना पुढची, आणि या दोन्ही अटी पुऱ्या करणारी खुर्ची नेमकी महाग पट्ट्यातच असते. ती घेते. मुलगी हसते, “आजोबांचं नाव घालवलंस,” म्हणते. संगीत नाटकाला मात्र अजून नाट्यगृहावर जाऊनच तिकीट काढते. तबला कुठल्या बाजूला आहे ते विचारते. खिडकीतला तरुण प्लॅनवर तबला शोधू लागतो.