लंबक, नात आणि दोन सरासऱ्या

विज्ञानाच्या पुस्तकात लंबकाच्या धड्यात एक छोटा शब्द असतो : 'लहान'. झोका लहान असेल, तर लंबकाचा दोलनकाल झोक्याच्या रुंदीवर अवलंबून नसतो. १ मीटर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण दोलनाला सुमारे २ सेकंद लागतात. मोठ्या झोक्याचं काय, हे शालेय पुस्तक सांगत नाही.

हे आठवलं ते नातीमुळे. ती परदेशात संशोधन करते. आमचं फोनवरचं बोलणं हल्ली "जेवलीस का? थंडी आहे का?" एवढ्यावरच आटपायचं. तिचा सगळा दिवस ज्यात जातो त्यातलं आजीला अक्षरही कळू नये, हे मनाला लागायचं. शेवटी विचारलंच, "करतेस तरी काय गं?"

"आजी, काही हालचाली गुंतागुंतीच्या दिसतात, पण आत मोजकेच ताल असतात. ते ताल, म्हणजे मूलभूत वारंवारता, मी काढते. लंबकात असा एकच ताल असतो. तो तूही काढू शकशील."

माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. पण तिने सांगितलेली रीत बघा. लंबक उभ्या रेषेपासून ९० अंशांवरून सोडायचा. त्याच्या निम्म्या कोनाचा कोसाइन ०.७०७१. आता १ आणि ०.७०७१ यांची नेहमीची सरासरी काढा : ०.८५३६. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा : ०.८४०९. या दोन संख्यांवर पुन्हा तेच करा. दोन्ही उत्तरं ०.८४७२! लहान झोक्याच्या दोलनकालाला याने भागलं, की झालं. काळ १८ टक्के वाढतो, २ सेकंदांचे जवळजवळ २.३७ होतात. १० अंशांवर मात्र फरक हजारात दोनच. म्हणून तो 'लहान' शब्द!

या सरासऱ्यांचं नातं एका वक्राच्या लांबीशी आहे, हे गाउसने मे १७९९ मध्ये आपल्या रोजनिशीत टिपलं. तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि मी सत्तरी ओलांडल्यावर कॅलेंडरच्या पाठीवर वर्गमुळं काढत बसले. सगळं गणित आठवीपर्यंतचं, एक कोसाइन सोडला तर.

आता नातीने पुढचा प्रश्न टाकलाय : लंबक जवळजवळ उलटा, १७९ अंशांवरून सोडला तर? कोसाइन शून्याच्या जवळ जातो, म्हणजे काळ बराच वाढणार. किती, ते मी काढतेच आहे. तुम्हीही काढून बघा. उत्तरं जुळतात का, पाहू.