पहिल्या मिनिटाचा आकडा

टॅब घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न मला वर्षभर येतो आणि विचारणारे बहुतेक बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे आईवडील असतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून तर विदर्भातून येणारे असे फोन फारच वाढले. माझा व्यवसाय प्रोसेसरची कामगिरी मोजण्याचा. दुकानात दाखवलेल्या बेंचमार्कच्या आकड्यांचे फोटो पालक मला पाठवतात आणि त्यात टॅब कित्येकदा लॅपटॉपच्या पुढे असतो. आकडा खोटा नसतो, पण तो पहिल्या मिनिटाचा असतो.

मी मोजायला स्टॉकफिश वापरतो. बुद्धिबळाचं हे मोफत इंजिन टॅबवरही चालतं आणि लॅपटॉपवरही, आणि सांगितलं तर प्रोसेसरमधले असतील तेवढे कोर कामाला जुंपतं. सेकंदाला किती नोड, म्हणजे पटावरच्या किती स्थिती तपासल्या, हा त्याचा वेग. त्यात ‘बेंच’ नावाची एक आज्ञा आहे. ठरलेल्या स्थितींचा संच, एकच थ्रेड (शोधाचा एकच धागा), 16 एमबी हॅश टेबल (तपासलेल्या स्थितींची नोंद ठेवायची जागा), डेप्थ (शोधाची खोली) 13. टॅबवरच्या ॲपमध्ये ही आज्ञा सहसा सापडत नाही, म्हणून टॅबसाठी इंजिन मी स्वतः कंपाइल करून घालतो. चाचणी संपली की तपासलेल्या एकूण नोडांची संख्या पडद्यावर येते. इंजिनाची आवृत्ती एकच असेल तर ही संख्या आर्मच्या टॅबवर आणि इंटेलच्या लॅपटॉपवर शेवटच्या अंकापर्यंत तीच यायला हवी. दोन्ही यंत्रांनी तंतोतंत तेवढंच काम केलं, याचा इतका चोख पुरावा व्हिडिओ एडिटिंगमध्ये किंवा गेममध्ये मला कधी मिळत नाही. संख्या जुळली की मगच मी वेळेकडे बघतो.

एकापेक्षा जास्त थ्रेड लावले की ही शिस्त राहत नाही. सगळे थ्रेड एकाच हॅश टेबलमध्ये लिहितात आणि एकमेकांचं लिहिलेलं उचलतात. कोण आधी पोचलं यावर पुढचा शोध बदलतो. त्याच यंत्रावर लागोपाठ दोनदा चालवलं तरी नोड वेगळे येतात. ‘माझा टॅब डेप्थ 30 ला आधी पोचला’ असं एका फेरीवरून कुणी सांगितलं, तर मी ते धरत नाही.

इंजिन कोणत्या प्रोसेसरसाठी बांधलं आहे, हेही बघावं लागतं. सप्टेंबर 2020 च्या स्टॉकफिश 12 पासून त्यात एक छोटं न्यूरल नेटवर्क आलं. मूळ कल्पना यू नासू यांची, 2018 मध्ये जपानी शोगीसाठी मांडलेली. हे नेटवर्क सीपीयूवरच चालतं आणि एका दमात अनेक अंक हाताळणाऱ्या सूचनांवर त्याचा वेग अवलंबून असतो. नव्या लॅपटॉपवर जुन्या प्रोसेसरसाठीची फाइल टाकली तर चांगलं यंत्र उगीच मार खातं. आणि जाहिरातीत मिरवणाऱ्या, चिपमधल्या ‘एआय’ विभागाला स्टॉकफिश हातही लावत नाही.

पण मुख्य मुद्दा उष्णतेचा. ॲपलची एम1 चिप नोव्हेंबर 2020 मध्ये मॅकबुक एअर आणि 13 इंची मॅकबुक प्रोमध्ये आली, 2021 मध्ये आयपॅड प्रोमध्येही. चार वेगवान आणि चार काटकसरी कोर, तिन्हीकडे तेच. फरक देहाचा. मॅकबुक प्रोमध्ये पंखा आहे, एअरमध्ये नाही, आणि आयपॅडमध्ये तर चिपची सगळी उष्णता पडद्यामागच्या बारीकशा जागेतून धातूच्या पाठीवर जाते. इंजिन सुरू केलं की तिघं जवळपास बरोबरीने निघतात. काही मिनिटांत एअर आणि आयपॅडचा वेग उतरू लागतो, प्रो मात्र टिकून राहतो. चिप एकच असल्यामुळे दोष दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही, म्हणून कामगिरीबद्दल शिकवताना मी हेच उदाहरण घेतो.

उतरण कोसळण्यासारखी नसते, त्याचंही कारण आहे. चिपला लागणारी वीज वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग चढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. दोन्ही बरोबरीने चढली तर विजेची भूक वेगाच्या घनाने वाढते. उलट, वेग 10 टक्क्यांनी कमी केला की वीज सुमारे 27 टक्के वाचते. बिनपंख्याचा टॅब याच सवलतीवर तग धरतो.

आता हा टॅब मे महिन्यात नागपुरात न्या. ॲपलने आयपॅड वापरण्यासाठी भोवतालचं तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस सांगितलं आहे. विदर्भात त्या दिवसांत पारा 45 ओलांडतो आणि उन्हाळी स्पर्धा नेमक्या तेव्हाच भरतात. एसी खोलीत काढलेला आकडा तिथे लागू पडत नाही. म्हणून माझ्या अहवालात मी खोलीचं तापमान लिहितो, चार्जर लावलेला होता की नव्हता ते लिहितो (कित्येक विंडोज लॅपटॉप बॅटरीवर आपणहून वेग कमी करतात) आणि एका आकड्याऐवजी अर्ध्या तासाचा आलेख देतो. परीक्षणं छापणाऱ्या सगळ्यांनीच असा आलेख द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण कर्ज काढून यंत्र घेणारा माणूस त्या परीक्षणांच्याच भरवशावर पैसे मोजतो.

पालकांना मी काय सांगतो? मुलाला संध्याकाळी आपला डाव तपासायचा असेल, कुठे चुकलं ते बघायचं असेल, तर मध्यम किमतीचा टॅब भरपूर झाला. तापून मंदावलेलं स्टॉकफिशसुद्धा जगज्जेत्याहून कितीतरी बलवान असतं आणि त्या कामाला काही सेकंद पुरतात. उरलेले पैसे प्रशिक्षकावर आणि स्पर्धांच्या प्रवासावर खर्च करा. मुलगी मानांकनात वर गेली, प्रतिस्पर्ध्याच्या ओपनिंगमध्ये नवी चाल शोधायला इंजिन रात्रभर चालू ठेवायची वेळ आली, की मात्र पंखा असलेला लॅपटॉप घ्या, मोठ्या हॅश टेबलसाठी रॅम 16 जीबी तरी बघा आणि तो चार्जरला जोडून टेबलावर ठेवा. गादीवर ठेवला तर हवा आत घ्यायची खालची जाळी बंद होते.