सल्ल्याचा हिशेब

दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाकडे लोक केवळ माल घेण्यासाठी येत नाहीत. मुलीला आलेले स्थळ, भावाभावांतील वाटणी, मुलाने पेढीवर बसावे की नोकरी धरावी, असे प्रश्नही त्याच्यापुढे मांडले जातात. तो चार शब्द सांगतो, विचारणारा निघून जातो आणि पुढे काय घडले ते बहुधा कळतही नाही. उधारीची नोंद वहीत राहते. दिलेल्या सल्ल्याची नोंद मात्र कोठेही राहत नाही. ही राहून गेलेली नोंद हाच विषय घेऊन एक शांत, हळुवार जपानी चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला. केइगो हिगाशिनो यांच्या कादंबरीवर आधारित आणि र्यूइची हिरोकी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे नाव ‘नामिया जनरल स्टोअरचे चमत्कार’ असे सांगता येईल.

युजी नामिया हे एका लहान गावातील वृद्ध दुकानदार. जपानी भाषेत ‘नायामी’ म्हणजे चिंता, विवंचना. ‘नामिया’तील अक्षरांची अदलाबदल करून मुले त्यांना चिडवू लागतात आणि गमतीने प्रश्न विचारतात. अभ्यास न करता परीक्षेत शंभर गुण कसे मिळवावेत, असे एक मूल विचारते. नामिया उत्तर देतात, शिक्षकांना तुझ्याविषयीचीच प्रश्नपत्रिका काढायला सांग. तुझे एकही उत्तर चुकणार नाही. पुढे मोठी माणसे खरी दुःखे लिहून पाठवू लागतात. रात्री दुकानाच्या बंद दारातील फटीतून पत्र टाकायचे आणि सकाळी मागील बाजूच्या दुधाच्या पेटीतून उत्तर न्यायचे, असा तेथील रिवाज. फी नाही, ओळख विचारणे नाही.

कथेला काळाची एक विलक्षण गुंफण आहे. २०१२ साली तीन तरुण चोरी करून पळताना या ओसाड दुकानात आश्रय घेतात. त्याच रात्री दारातून एक पत्र आत पडते. ते १९८० सालचे असते. अनाथाश्रमात वाढलेल्या या मुलांना आयुष्यात कोणी कधी सल्ला विचारलेला नाही. गंमत म्हणून ती उत्तर लिहितात आणि पाहता पाहता त्यात गुंतत जातात.

त्यांच्याकडे येणारा एक प्रश्न व्यापारी घराण्यांना फार जवळचा वाटेल. मासळीच्या दुकानदाराचा थोरला मुलगा शिक्षण सोडून तोक्योमध्ये संगीताची साधना करीत आहे. यश येत नाही. इकडे वडिलांची प्रकृती साथ देईनाशी झाली आहे. दुकान सांभाळावे की सूर धरून ठेवावा? तरुणांचे पहिले उत्तर कठोर असते: स्वप्ने पुरे झाली, घरी जा. परंतु बंद दारापलीकडून त्याने वाजवलेली धून ऐकताच ते थबकतात, कारण ती धून त्यांनी लहानपणापासून ऐकलेली असते. पुढे एका आश्रमाला लागलेल्या आगीत, एका मुलीच्या भावाला वाचवताना हा तरुण प्राण गमावणार आहे. आणि तीच मुलगी मोठी गायिका होऊन त्याचे गीत घरोघरी पोहोचवणार आहे. सारे सांगणे त्यांना शक्य होत नाही. तुझे संगीत कोणाला तरी तारील, शेवटपर्यंत विश्वास सोडू नकोस, एवढेच ते लिहितात. मुलाने दुकानात येऊन बसावे म्हणून वडीलही हट्ट धरीत नाहीत. हार पत्करावी लागली तरी चालेल, पण स्वतःची खूण उमटवून ये, असेच त्यांचे सांगणे असते. दुकानावर आयुष्य वेचलेल्या बापाने हे म्हणणे सोपे नाही.

चित्रपटाचा खरा गाभा मात्र वृद्ध नामियांच्या मनातील शल्यात आहे. एका विवाहित पुरुषापासून दिवस गेलेल्या स्त्रीने त्यांना विचारले होते, हे मूल जन्माला घालावे का? बाळाला सुखी करण्याचा निश्चय असेल तरच घाल, असे त्यांनी लिहिले. काही काळाने वर्तमानपत्रात बातमी येते: एक मोटार बंदरातील पाण्यात कोसळली, आई गेली, तान्हे मूल वाचले. ती हीच स्त्री असेल का? आपल्या शब्दांनी एक जीव गेला का? या विचाराने खचून ते सल्ला देणे थांबवतात.

अखेरच्या आजारपणात नामिया मुलाला एक गोष्ट करायला सांगतात. माझ्या मृत्यूनंतर तेहतिसाव्या स्मरणदिनी जाहीर कर की दुकानाची खिडकी एका रात्रीपुरती पुन्हा उघडेल. ज्यांना पूर्वी उत्तरे मिळाली, त्यांनी त्यांचा उपयोग झाला की अपाय, हे निःसंकोच कळवावे. पुण्यतिथीला स्तुतीची अपेक्षा न ठेवता स्वतःच्या चुकांचा जमाखर्च मागणारा माणूस विरळाच. काळाच्या कृपेने ती पत्रे त्यांना हयातीतच वाचायला मिळतात. शंभर गुणांचा प्रश्न विचारणारा मुलगा आता शिक्षक झाला आहे. बंदरातील अपघातातून वाचलेली मुलगीही लिहिते, आईने जीव दिला नव्हता. मला जगवण्यासाठी स्वतः अर्धपोटी राहिल्याने तिला भोवळ आली होती. माझा जन्म झाला याबद्दल मी कृतज्ञ आहे.

त्याच रात्री दारातून एक कोरा कागदही येतो. त्या तीन तरुणांपैकी एकाने तो केवळ चाचणी म्हणून टाकलेला असतो. नामिया त्याचाही गांभीर्याने विचार करतात आणि लिहितात, तुमचा नकाशा अजून कोरा आहे, म्हणून वाट सापडत नाही. पण कोऱ्या नकाशावर हवी ती वाट रेखता येते. ते वाचून पहाटे ती मुले चोरलेले परत करण्यासाठी निघतात.

नामियांची उत्तरे फार विद्वत्तेची नव्हती. त्यांनी प्रत्येक पत्र मनापासून वाचले आणि आपल्या शब्दांचे पुढे काय झाले याची जबाबदारी मानली, एवढेच. घरातील वडीलधाऱ्यांना हे सहज साधण्याजोगे आहे. ज्याला कधीकाळी दोन शब्द सांगितले, तो पुन्हा भेटल्यावर, ‘तेव्हा मी सांगितले त्याचे पुढे काय झाले?’ असे विचारावे, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी शांतपणे ऐकून घ्यावे.