कोऱ्या पानांची वही

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपली की घराघरांत एक काम निघतं. जुन्या वह्यांचा गठ्ठा! दप्तरातून, कपाटाच्या तळातून, कॉटखालून वह्या बाहेर पडतात. आई त्यांना सुतळी बांधते आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर जाऊन बसतो. आता गंमत बघा. रद्दीवाल्याला लिहिलेलं पान आणि कोरं पान सारखंच, दोन्हीला एकच भाव! जूनमध्ये दुकानदार मात्र त्याच कोऱ्या पानाचे चांगले पैसे मोजून घेतो. मग एप्रिलमध्ये आपण ती पानं देऊन का टाकतो बरं?

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या वर्षी परीक्षा आटोपल्यावर मी मुलांना सांगितलं, वह्यांमधली कोरी पानं मोकळी करून आणा. ‘एक कागद म्हणजे पाठपोट दोन पानं’ हे आधीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं, कारण त्यावरून हमखास भांडण होतं. दुकानातली २०० पानी वही म्हणजे १०० कागद, हे कित्येक मोठ्या माणसांनाही चटकन सांगता येत नाही. तर आमच्या वर्गातल्या ३१ मुलांकडून मिळून किती कागद निघाले असतील? १,२८४! ४० कागदांची एक वही धरली, तर ३२ वह्या आणि वर ४ कागद शिल्लक. भागाकाराच्या उजळणीसाठी मला त्या दिवशी वेगळं गणित शोधावं लागलं नाही.

आता कृती सांगते. पण आधी एक गोष्ट नीट बघून घ्या. मधोमध पिना मारलेली वही उघडा. तिच्यातला प्रत्येक कागद घडी घातलेला असतो. म्हणजे शेवटचं कोरं पान हे पहिल्या, लिहिलेल्या पानाचं जुळं भावंडच असतं. म्हणून शेवटची पानं काढायला गेलात, की ती जोडीनं येत नाहीत, सुटी येतात. सुट्या कागदांना मधून टाका घालता येत नाही, कडेनंच घालावा लागतो. कडेनं शिवलेली वही पूर्ण सपाट उघडत नाही, हे खरं. त्यावर उपाय एकच, डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडून लिहायचं. नाहीतरी तुम्ही समास सोडत नाही अशी माझी तक्रार असतेच!

कागद फाडताना घाई नको. वहीत कडेला पट्टी घट्ट दाबून धरा आणि कागद पट्टीवर ओढून फाडा. ४० कागद एकावर एक ठेवून टेबलावर आपटून सारखे करा. खाली-वर पुठ्ठा लावा. पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका फार छान! जाड, गुळगुळीत, शिवाय गणपती आयता छापलेला. त्या लहान पडल्या, तर साबणाचा किंवा चहाचा रिकामा खोका उलगडून घ्या. मग कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून गठ्ठा पक्का धरा. ४० पेक्षा जास्त कागद घेऊ नका. खिळा तिरका जातो आणि मागची भोकं भलतीकडेच निघतात.

कडेपासून एक सेंटिमीटर आत पेन्सिलीनं रेघ मारा. तिच्यावर सारख्या अंतरानं पाच ठिपके द्या. इथपर्यंत सगळं तुमचं तुम्ही करायचं. आता मात्र मोठ्या माणसाला हाक मारा. ठिपक्यांवर भोकं पाडायचं काम त्यांचं. खाली लाकडी फळीचा तुकडा, वर खिळा आणि हातोडी. (जेवायचा पाट घेऊ नका हं, आजी रागावेल!)

जाड दोरा घ्या, वहीच्या उंचीच्या तिप्पट लांब. मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवा. पहिल्या भोकातून सुई खाली घाला, वर वीतभर शेपूट सोडा. दुसऱ्यातून वर, तिसऱ्यातून खाली, चौथ्यातून वर, पाचव्यातून खाली. झाला धावदोरा. आता मागे फिरा. चौथ्यातून वर, तिसऱ्यातून खाली, दुसऱ्यातून वर. सुई पुन्हा पहिल्या भोकाजवळ शेपटापाशी येते आणि जाताना राहिलेल्या रिकाम्या जागा येताना भरून निघतात. दोन्ही टोकं ओढून दुहेरी गाठ मारा.

कव्हर चिकटवायला गोंदाची बाटली विकत आणू नका. दोन चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळा. पांढरट रंग जाऊन चकाकी आली, की खळ झाली. शेगडीपाशी मोठं माणूस हवंच. ही खळ दोन-तीन दिवस चालते, मग आंबते. तिचा थर पातळ लावा, नाहीतर तुमच्या आधी झुरळंच वहीचा अभ्यास करतील. वरून जुन्या कालनिर्णयचं पान लावलंत, तर छापील बाजू बाहेर ठेवा. आमच्याकडे निम्मी मुलं कव्हर घालायचं सोडून पानामागचा मजकूरच वाचत बसली होती!

आता आई-बाबांनो, थोडं तुमच्याशी. ‘मुलांसोबत काहीतरी करा’ हे सांगणं सोपं असतं. दोघंही कामावर, घरी यायला आठ वाजतात, मग स्वयंपाक, दुसऱ्या दिवशीचे डबे. अशा वेळी दप्तरातून ‘पालकांच्या मदतीने प्रकल्प तयार करा’ अशी चिठ्ठी निघाली की पोटात गोळा येतो. मग स्टेशनरीच्या दुकानातून तयार किल्ला किंवा तयार सूर्यमाला येते. मुलाच्या हाताला माती लागत नाही नि रंगही. मला ही पद्धत मुळीच पसंत नाही. पण दोष दमलेल्या आईबापांवर ढकलणंही मला पटत नाही. काम निवडतानाच बघायला हवं, की यात मोठ्या माणसाचा वेळ किती लागतो. पैसे किती लागतात हा प्रश्न त्याच्या नंतरचा. वहीचंच बघा. पहिल्या संध्याकाळी तुम्ही भाकरी करत असताना मूल शेजारी बसून पानं काढतं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे कापतं. तिसऱ्या दिवशी तुमची पाच भोकं. तुमची खरी दहाच मिनिटं जातात.

माझ्या वर्गात एक मुलगी नवीन आली होती. वडील रात्रपाळीचे पहारेकरी, आई सकाळपासून चार घरची कामं करणारी. पालकसभेला आई आली ती दारातच उभी राहिली. मी हस्तकलेचं बोलायला लागले, तशी म्हणाली, “बाई, आधीच सांगते, आम्हाला वेळ नाही. आणि मला शाळेतलं काही येत पण नाही.” मग हळूच म्हणाली, “आधीच्या शाळेत दुकानातलं मॉडेल नेलं नाही, तर प्रदर्शनाच्या दिवशी पोरगी पोट दुखतंय म्हणून घरी बसली. दोनशे रुपयांची वस्तू होती बाई.” मी तिला एवढंच म्हटलं, की या वेळी विकत काहीच आणायचं नाहीये.

चार दिवसांनी त्या मुलीनं वही आणली. टाके माझ्या नमुन्यापेक्षा सारखे! मी विचारलं, तर म्हणाली, “आईनं दोन टाके दाखवले, बाकीचे मी घातले. आई म्हणाली, ही तर गोधडीच आहे, कागदाची.” बरोबरच की! गोधडीला धावदोराच असतो. बाकीच्या मुलांचा दोरा सारखा पिळून गुंतत होता, त्यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. शनिवारी ती आई मुलीला न्यायला आली, तेव्हा मुलांनीच तिला आत ओढलं. “मावशी, आमचा दोरा बघा ना!” तिनं काय केलं ठाऊक आहे? मेणबत्तीचा तुकडा मागितला आणि दोरा त्यावरून दोनदा ओढला. गुंता बंद! त्या दिवशी ती आमच्या वर्गात पाऊण तास बसली, चांगली मांडी घालून.

मुलांनो, टाकाऊ वस्तू घेऊन किती मजल मारता येते, हे बघायचं असेल, तर अरविंद गुप्ता यांची पुस्तकं वाचा. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा इंजिनिअर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करायला शिकवतो. पुण्याच्या आयुकामध्ये, मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची कितीतरी पुस्तकं मराठीतही आहेत.

आमच्या ३१ वह्या ३१ जणांनी घरी नेल्या. बत्तिसाव्या वहीवरून मात्र बरीच बाचाबाची झाली. कोणी म्हणालं चिठ्ठ्या टाका, कोणी म्हणालं बाईंना द्या. शेवटी ती वर्गाच्या दाराशी दोऱ्यानं टांगायची ठरली, शेजारी पेन्सिलीचा तुकडा बांधून. येता-जाता कोणाला काही वेगळं दिसलं, की त्यानं तिच्यात लिहायचं. पहिली नोंद आहे, ‘पिंपळावर घार बसली होती. तिच्या तोंडात काहीतरी होतं.’

उरलेल्या ४ कागदांची ४ विमानं झाली. कोणी केली, ते मी विचारलं नाही.