एका अक्षराचा फरक

मैत्रिणींनो, शाळेत अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईकडे लोक काय घेऊन येतील, काही नेम नाही. कुणी नातवाचं गणित घेऊन येतं, कुणी बँकेचा अर्ज. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एक आजी चक्क आपली सून घेऊन आल्या. म्हणाल्या, “बाई, ईस्टरला हिचा बाप्तिस्मा करायचाय. तेवढी तयारी करून द्या.”

आजींचा स्वर पापड-कुरडयांची तयारी करायची असावी, असाच होता!

सून हिंदू घरातली. प्रेमविवाह, तोही नोंदणी पद्धतीचा. १९५४च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करताना दोघांपैकी कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. इतकंच काय, १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. म्हणजे बाप्तिस्म्याची कायद्याने काहीच घाई नव्हती. घाई होती ती घरातली.

रविवारी दुपारी भांडी आवरून ती यायची. ही शिकवणी फार जुनी आहे. मार्टिन ल्यूथरने सॅक्सनीतल्या खेड्यांत हिंडून लोकांचं अज्ञान पाहिलं आणि १५२९ साली एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, घरच्या कर्त्या माणसाने मुलांना, नोकरांना शिकवावी म्हणून. दहा आज्ञा, विश्वासाची कबुली, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. आणि प्रत्येक ओळीनंतर तिचा अर्थ विचारायचा. आमच्या नगरची (आताच्या अहिल्यानगरची) मंडळी काही ल्यूथरपंथी नव्हे. इथे १८३१ साली अमेरिकन मिशन आलं, आणि १९७० पासून आम्ही उत्तर भारतीय मंडळीत आहोत. पण धडे थोड्याफार फरकाने तेच.

लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना मोठेपणी दृढीकरण असतं. माझं पंधराव्या वर्षी झालं. सगळी उत्तरं धडाधड म्हटली, आणि घरी येऊन पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर जेवायला काय आहे! त्यामुळे ही पोर शांतपणे एकेक शब्द उलगडून विचारायची, तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. एकदा म्हणाली, “बाई, प्रार्थनेत भाकर ‘आमची’ मागायची, मग कबुलीत एकदम ‘मी’ कसं?” माझ्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. खरंच, भाकर सगळ्यांसाठी मागता येते. विश्वास मात्र ज्याचा त्यालाच सांगावा लागतो.

ईस्टर तीन आठवड्यांवर आला, तेव्हा तिने कबुली न अडखळता म्हणून दाखवली. “मी विश्वास ठेवतो...”

मला हसू आलं. “अगं, ठेवतो काय? ठेवते!”

ती हसली नाही. म्हणाली, “ह्यांच्याकडून पाठ केलंय ना.” मग बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. शेवटी म्हणाली, “येशूची गोष्ट मला मनापासून आवडते, बाई. पण माझी आई दर मंगळवारी देवीला जाते. मी हे म्हटलं की ती खोटी ठरेल का?”

सांगा मैत्रिणींनो, काय उत्तर द्यायचं? मी एवढंच म्हटलं, “तुझ्या आईची भक्ती खोटी म्हण, असं कुणी तुला सांगत नाही. पण तू कुणाची, हे तुलाच ठरवावं लागेल. आणि ते ठरलं नसेल, तर थांब.”

पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांना लगेच पटलं. आजींना नाही. मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दिली. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई त्याच्यामागे निमूट गेली नाही. आपलं सोवळंओवळं सांभाळत राहिली, भांडली, रडली, आणि पटलं तेव्हाच पाऊल उचललं. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ते सगळं आडपडदा न ठेवता लिहून ठेवलंय.

आजी म्हणाल्या, “त्या लक्ष्मीबाई होत्या! आमच्या हिला काय कळतंय?” आणि पुढे कितीतरी रविवार माझ्याशी बोलल्या नाहीत. मंडळीत कुजबुज झाली, की बाई येणाऱ्या माणसाला अडवतात. रात्र रात्र मला झोप नव्हती. वाटायचं, आपण हे काय करून बसलो?

ती मात्र येत राहिली. पावसाळ्यात माहेरी गेली आणि आईला स्वतः सांगून आली. आई दोन दिवस जेवली नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “दुसऱ्यांदा लग्न लावल्यासारखं वाटतंय. पण सांगायला आलीस, हे बरं केलंस.”

पुढच्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. आई आली नाही, पण साडी तिने पाठवली होती. सवाष्णीने पांढरी नेसू नये म्हणून मोतिया रंगाची, हिरव्या काठांची. आजींनी ती उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता स्वतः इस्त्री केली.

कबुलीच्या वेळी मी कान देऊन ऐकत होते. “ठेवते,” ती म्हणाली. एका अक्षराचा फरक. त्याला एक वर्ष लागलं.

तुमच्या घरी बाप्तिस्मा नसेल, पण व्रत असेल, नवस असेल, घराण्याची रीत असेल. नव्या सुनेकडून ती म्हणवून घेण्याआधी तिला एकदा अर्थ विचारा, आणि उत्तराची वाट पाहा.

आजी आता माझ्याशी बोलतात. पण ते एक वर्ष बाईंनी फुकट घालवलं, असं त्यांचं मत अजून कायम आहे!