आपली मोजणी

प्रकल्प गावात येतो तेव्हा आधी जीप येते. तिपाईवर दुर्बीण लावून दोन-तीन माणसं बांधावर उभी राहतात आणि दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी कापसात सिमेंटचा दगड रोवलेला असतो, वर लाल रंगात आकडे. शेतमालकाला विचारावं तर तो म्हणतो, कालव्याचं काहीतरी आहे. शेजारचा म्हणतो, रस्ता जाणार आहे. पटवारी म्हणतो, वरून आदेश आहे. नेमकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याच काळात पुष्कळ काही हातातून निसटून जातं. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात हरकत घ्यायला तीस दिवस मिळत. सूचना निघाली की दिवस मोजायला सुरुवात, आणि गावाला ती समजेपर्यंत त्यातले बरेचसे सरलेले असत.

मी मूळची राजगढची. धार जिल्ह्यात, मोहनखेड्याच्या जैन तीर्थाजवळ, माळव्याच्या पठारावरचं हे गाव. मही नदी आमच्याच सरदारपूर तहसिलीत उगम पावते. धार आणि देवासच्या पवारांबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, ओसरीबाहेर माळवी. घाट उतरून नर्मदेच्या निमाडात गेले ती नव्वदच्या दशकात, महेश्वर प्रकल्पाच्या बुडितात येणाऱ्या गावांमध्ये काम करायला. महेश्वर मराठी माणसाला अहिल्याबाईंच्या घाटामुळे ठाऊक असतं. तिथून नदीच्या वरच्या अंगाला, मंडलेश्वरजवळ, ४०० मेगावॉटचं जलविद्युत धरण बांधायचं ठरलं होतं. देशात खाजगी कंपनीच्या हाती दिलेला हा पहिला मोठा जलविद्युत प्रकल्प, एस. कुमार्स या उद्योगसमूहाकडे तो सोपवलेला. बुडिताच्या यादीत ६१ गावं होती. काळी, खोल, कापसा-गव्हाची जमीन.

लोकांना उभं करणं म्हणजे सभा, माइक, घोषणा असं बाहेरून वाटतं. सभा लागतेच, पण ती बरीच पुढची गोष्ट. सुरुवातीचे कित्येक महिने आम्ही मोजण्यात घालवले, आणि या कामात मला आजही सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. सरकारनं मोजलेलं आणि कंपनीनं मोजलेलं गाव एका बाजूला असतं. गावानं स्वतःला मोजलेलं नसतं. ते मोजून झालं की त्याच माणसांच्या बोलण्याला वेगळी धार येते.

पातळीपासून सुरुवात केली. जलाशयाची पूर्ण पातळी १६२.७६ मीटर, असं कागदावर लिहिलेलं. मीटर कुठून मोजलेले? समुद्रापासून. निमाडातल्या शेतकऱ्यानं समुद्र कधी पाहिलेला नसतो, त्याला या आकड्यावरून स्वतःच्या चुलीपर्यंत यायचं असतं. गावात एक गवंडी होता. पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतींची पातळी काढायची त्याची सवय. सर्वेक्षणाच्या दगडावरचा आकडा धरून त्यानं नळीचं एक टोक तिथं लावलं, दुसरं टोक घेऊन पोरगा पुढच्या खांबापाशी गेला, खूण केली, मग तिथून पुढे. चढाला फूटपट्टीनं भर घालायची, उताराला वजा करायचं. अशी गल्लीगल्लीतून पातळी फिरवत आणली आणि शेवटी पुन्हा त्याच दगडापाशी येऊन ताळा जुळवला. फरक जास्त आला तर सगळं पुन्हा. दहावीतल्या मुलींनी वहीत आकडे लिहिले, खडूनं दारांवर रेघा ओढल्या. कुणाच्या उंबऱ्यावर, कुणाच्या खिडकीच्या गजावर, देवळाच्या पायरीवर. त्या दिवशी भाषण कुणी केलं नाही आणि करायची गरजही पडली नाही. लोक एकमेकांच्या दारातल्या रेघा बघत फिरत होते.

मग म्हातारी माणसं बोलू लागली. त्यांना पुराच्या खुणा पाठ होत्या: अमक्या साली पाणी पिंपळाच्या पारापर्यंत आलं, तमक्या साली धर्मशाळेत शिरलं. धरण नसताना पाणी इथवर येतं, मग भरलेल्या धरणात पूर आला तर कुठवर येईल, हा प्रश्न एका आजोबांनी विचारला. अभियंते ज्याला बॅकवॉटर म्हणतात, तेच ते विचारत होते. जलाशयाचं पाणी धरणापाशी सपाट असलं तरी पुरात वरच्या अंगाला ते चढत जातं. किती चढतं यावर कोण बाधित आणि कोण नाही हे ठरतं, म्हणून हा हिशेब नुसता गणिताचा राहत नाही.

सरदार सरोवरात हे किती महागात पडतं ते धार जिल्ह्यानं पाहिलं. तिथं आधी बाधित ठरवलेली मध्य प्रदेशातली १५,९४६ कुटुंबं बॅकवॉटरची नवी गणितं मांडून यादीतून वगळली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. निसरपूर बुडालं, चिखलदा बुडालं, आणि यादीबाहेर काढलेल्या घरांतही पाणी शिरलं. २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच. या प्रकल्पातून मध्य प्रदेशाला पाण्यापेक्षा वीज मिळायची होती, १,४५० मेगावॉटमधला ५७ टक्के वाटा. विजेच्या वाट्याची टक्केवारी इतक्या वर्षांत हलली नाही. माणसांची संख्या मात्र कागदावर कमी करता आली. मला याचा आजही संताप येतो, आणि तो शमावा असं मला वाटत नाही.

दुसरी मोजणी माणसांची. ही अवघड. पटवाऱ्याच्या खसऱ्यात ज्याचं नाव तो शेतकरी, आणि भरपाई त्याची. पण नर्मदेकाठी केवट आहेत, कहार आहेत. पावसाळा ओसरला की नदी जी वाळू आणि गाळ उघडा टाकते, त्यावर ते डांगरवाडी करतात; टरबूज, खरबूज, काकडी, भाजी. खानदेशातही नदीपात्रातल्या फळाला डांगर म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे अनोळखी नाही. शिवाय मासेमारी, नाव चालवणं, रेती काढणं. कुठल्या घराची वाडी कुठून कुठवर, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. कागद मात्र एकही नाही, कारण नदीच्या पात्राचा सातबारा नसतो. धरण झालं की हे पात्र बारमाही पाण्याखाली जाणार आणि या घरांचं सगळंच जाणार. यादीत मात्र ते बाधित नाहीत.

गावाच्या बैठकीत हे लोक मागे, कडेला, उभे असत. पुढे सतरंजीवर पाटीदार आणि राजपूत, मोठ्या शेतीवाले. बोलायचे तेच. त्यांची बाजू खोटी नव्हती, त्यांचीही जमीन जाणार होती. पण भरपाईची रक्कम वाढली की पुढच्या रांगेतली काही माणसं उठून जाणार हे मला दिसत होतं, आणि मागे उभ्या असलेल्यांना उठून जायला दुसरी जागाच नव्हती. म्हणून आम्ही बैठक नदीकाठी घ्यायला लागलो, केवट वस्तीत. जागा बदलली की कोण बसणार आणि कोण उभं राहणार हेही बदलतं. तिथं एका काकींनी मला वाळूत काठीनं रेघा ओढून सगळ्यांच्या वाड्या दाखवल्या. ‘‘दीदी, हे लिहून घे. पटवारी इथवर कधी उतरलाच नाही.’’ आम्ही ते लिहून घेतलं. घरटी किती वाडी, किती गाड्या फळ, किती नावा, किती जाळी. त्या वहीवर पुढे निवेदनं उभी राहिली.

मुळशीची गोष्ट मी अशा बैठकांमध्ये नेहमी सांगते. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. राजेंद्र व्होरांनी या लढ्याचा जो अभ्यास केला आहे, त्यात मला सर्वांत बोचणारा भाग सावकारांचा वाटतो. मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा म्हणत होता, जमीन सोडणार नाही. कागदावरच्या मालकाला मोबदला बरा वाटत होता. धरण झालं, मुंबईला वीज गेली. निमाडातल्या लोकांना ही गोष्ट सांगितली की एक क्षण कुणी काही बोलत नाही, मग कुणीतरी विचारतं, ‘‘आपल्यात असे किती?’’ हा प्रश्न मी विचारू नये, त्यांनी विचारावा. माझं काम बैठक तिथपर्यंत पोहोचेल असं बघणं.

तिसरी मोजणी पैशांची, आणि इथं महाराष्ट्राचा उपयोग झाला. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार तोवर गाजलेला होता. पुण्याच्या ‘प्रयास’नं त्याचं विश्लेषण करून दाखवलं होतं की अशा कराराची कलमं सामान्य माणसालाही समजू शकतात. महेश्वरचा करारही ३५ वर्षांचा होता, आणि वीज घेतली नाही तरी ठरलेली रक्कम मोजावीच लागेल अशी तरतूद त्यात होती. हे कलम आम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात वाचून सांगितलं, कारण वीज गेलेली होती. एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘‘मोटार चालली नाही तरी बिल भरायचं?’’ हो, तसंच. मग हे कोण भरणार? इंदूरवाले, भोपाळवाले, आपण सगळे. त्या प्रश्नानंतर लढा फक्त बुडणाऱ्यांचा राहिला नाही. इंदूरच्या बैठकीत हीच कलमं सांगितली की ऐकणारे पुढे सरकून बसत.

उरलेलं थोडक्यात सांगते, कारण ते इतिहासात नोंदलं गेलं आहे. ११ जानेवारी १९९८ रोजी हजारो लोकांनी धरणाची जागा ताब्यात घेतली आणि ते तिथंच बसून राहिले. महिना संपता संपता शासनाला काम थांबवून फेरतपासणीसाठी कृती दल नेमावं लागलं. काम पुन्हा सुरू झालं, पुन्हा लोक आत शिरले, बायका सर्वांत पुढे. आलोक अग्रवाल, चित्तरूपा पालित यांनी या लढ्याचं नेतृत्व केलं. १९९९ मध्ये बायर्नवेर्क आणि व्हीईडब्ल्यू या जर्मन वीजकंपन्या बाहेर पडल्या, पुढे अमेरिकेची ऑग्डेनही. धरणाची भिंत तरीही उभी राहिली. वीज मात्र आली नाही, आणि एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारनं वीजखरेदीचा करार रद्द केला. पहिल्या दगडापासून इथवर पाव शतक गेलं. तेव्हा वहीत आकडे लिहिणाऱ्या मुली आता चाळिशीच्या आहेत.

सगळीकडे असं झालं नाही, हे मी प्रत्येक नव्या गावात आधीच सांगते. इंदिरासागर धरणानं २००४ मध्ये हरसूद बुडवलं, देवास जिल्ह्यातल्या नेमावरच्या बाजूची गावंही त्याच जलाशयाच्या काठाची. तिथली संघटना काही कमी नव्हती. ओंकारेश्वर धरणाच्या बुडितात २०१२ साली घोगलगावला लोक सतरा दिवस पाण्यात उभे राहिले, पायांची कातडी सोलली, तेव्हा पाणी १८९ मीटरपर्यंत खाली आणायचं आणि जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची, असं सरकारनं कबूल केलं. तीन वर्षांनी लोकांना पुन्हा पाण्यात उतरावं लागलं. जिंकणारच असं वचन मी कुणाला देत नाही. ‘‘दीदी, होईल ना?’’ असं विचारलं की मी वही काढते आणि आपल्याकडे काय काय आहे ते वाचून दाखवते. लोकांना हे कोरडं वाटेल अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे: खोट्या आशेवर उभं राहिलेलं गाव पहिल्या नोटिशीला बसतं.

पैशांविषयीही हेच. गावाच्या लढ्याचा खर्च गावानं करायचा, एकरामागे धान्य काढून, आणि ज्यांना शेत नाही त्यांनी नाव किंवा श्रम देऊन. भोपाळला जाणाऱ्या ट्रकचं डिझेल कुणी दिलं हे प्रत्येकाला माहीत असलं की त्या ट्रकमधून कुणी हळूच उतरून दलालाकडे जात नाही. दलाल प्रत्येक गावात असतो. तो आपलाच असतो, कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी पुतण्या, म्हणून त्याला शिव्या देऊन भागत नाही. त्याला बैठकीत बोलवायचं, कंपनीचा निरोप सगळ्यांसमोर सांगायला लावायचा.

कायदे आता बदललेत. २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, खाजगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आली. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे धार जिल्ह्याच्या मोठ्या भागात, पेसा कायद्यानं १९९६ पासून ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. पण संमती कुणाची मोजायची हा प्रश्न पुन्हा यादीपाशीच येतो. यादीत जो नाही त्याला होही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही.

विजेचं रूपही बदललंय. देवासजवळच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात. ओंकारेश्वरच्या जलाशयावर ६०० मेगावॉटची तरंगती सौर पॅनेल उभी करायची योजना आहे, त्यातला काही भाग सुरूही झाला. सूर्याची वीज चांगली, तिला माझा विरोध नाही. पण जलाशयाचं पाणीही कुणाचं तरी शेत असतं. जमीन बुडाल्यावर जे मासेमारीकडे वळले, जे आधीपासून मासेच धरत होते, त्यांची जाळी कुठं पडतात, नाव कुठून कुठं जाते, याचा नकाशा कुठल्या तहसिलीत आहे? तो काढायला हवा, आणि पॅनेलची पुढची रांग यायच्या आत काढायला हवा.

मी आता साठीला आले, नावेत चढताना हात धरावा लागतो. पाण्यावर नळी लावून पातळी काढायची गरज नाही. इथं खुंट, बोये आणि कोळ्यांची आठवण पुरते. वहीच्या पहिल्या पानावर नाव, जाळ्यांची संख्या, कुठल्या महिन्यात कुठल्या खाडीत, हे रकाने आखून झालेत. पुढच्या आठवड्यात काठावरच्या वस्तीत बसायचंय, सकाळी बाजारात मासे विकून बायका परतल्यावर. सुरुवात त्यांच्यापासून.